ब्रोकन हिल: अख्खे शहरच वारसा ठरले, तर जपायचे नेमके काय?

दक्षिणवारा (धागाकर्ता)

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत जानेवारी २०१५ मध्ये ब्रोकन हिलचे नाव दाखल झाले. एखादी इमारत किंवा बाग नव्हे, तर संपूर्ण शहर या यादीत येण्याची त्या देशातली ती पहिलीच वेळ होती. न्यू साउथ वेल्सच्या पार पश्चिमेला, सिडनीपासून ११०० किलोमीटरांहून दूर, लाल मातीच्या उघड्या माळावर वसलेले हे खाणकामगारांचे शहर आहे. एके काळी इथे ३०,००० हून अधिक लोक राहत. आता ती संख्या १७,००० ते १८,००० वर आली आहे.

१८८३ मध्ये चार्ल्स रास्प हा माउंट गिप्स या मेंढपाळ तळावर कुंपणांची देखरेख करणारा नोकर होता. ज्या टेकडीला सगळे निरुपयोगी दगडांचा ढीग समजत, तिथे त्याने कथील सापडेल या आशेने हक्काच्या खुंट्या ठोकल्या. निघाले शिसे, चांदी आणि जस्त, आणि तेही जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एकात. १८८५ मध्ये त्यातून ब्रोकन हिल प्रोप्रायटरी, म्हणजे पुढे जगभर गाजलेली बीएचपी ही कंपनी उभी राहिली.

माझे मत असे, की या शहराचा खरा वारसा यंत्रे, धुराडी किंवा दगडी इमारती हा नाही. तिथल्या कामगारांनी जी व्यवस्था उभारली, ती आहे. १८९२ चा संप मोडला गेला आणि पुढाऱ्यांना तुरुंगात जावे लागले. १९०९ मध्ये टाळेबंदी झाली. १९१९ च्या मे महिन्यात सुरू झालेला संप तब्बल १८ महिने चालला आणि त्याच्या अखेरीस जमिनीखाली काम करणाऱ्यांना ३५ तासांचा आठवडा मिळाला, तसेच धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्यांना भरपाईही मिळाली. जगात इतरत्र ४८ तासांवर वाद चालू होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. १९२० च्या दशकात सर्व संघटनांची मिळून बॅरियर इंडस्ट्रियल कौन्सिल स्थापन झाली आणि १९२५ पासून कंपन्यांशी तीन-तीन वर्षांचे करार होऊ लागले. त्यात शिशाच्या बाजारभावाशी जोडलेला बोनसही होता.

तर प्रश्न असा: वारसा म्हणून इमारती जपता येतात, पण अशी व्यवस्था कशी जपायची? आणि ती जपता येत नसेल, तर शहराचे नाव यादीत घालून आपण जपतो ते काय?

निळू

विषय उत्तम आहे. रसायनशास्त्रात नापास झालेल्यांनी मात्र या शहरात जपून फिरावे, कारण मुख्य रस्ता आर्जेंट स्ट्रीट म्हणजे चांदीचा रस्ता, आणि त्याला छेदणारे क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड, ब्रोमाइड, आयोडाइड! पत्ता विचारला की आवर्तसारणीच उघडावी लागते.

भूगर्भवाला

धागाकर्त्यांच्या मताचा आदर राखून सांगतो, की क्रम उलटा झाला आहे. आधी खनिज, मग संघटना. बूमरँगच्या आकाराचा हा खनिजपट्टा सुमारे ७ किलोमीटर लांब आहे. त्याचा मधला भाग जमिनीच्या वर डोकावत होता आणि दोन्ही टोके खोल गेली होती. जो भाग डोकावत होता, तीच ती टेकडी, आणि ती आज अस्तित्वात नाही. शहराला जिचे नाव मिळाले, ती टेकडी खोदून, वितळवून, विकून संपवण्यात आली. ज्या वारशाचे मूळच खाऊन टाकले आहे, त्याबद्दल बोलताना एवढे भान ठेवावे.

दुसरी गोष्ट, जी या धाग्यावर कोणी तरी सांगायलाच हवी. पृष्ठभागाजवळचे सोपे खनिज संपल्यावर खोलवर सापडले ते शिसे आणि जस्त यांचे असे घट्ट मिश्रण, की ते वेगळे करता येत नव्हते. शिसे काढून घेत आणि जस्त टाकाऊ म्हणून ढिगाऱ्यावर फेकत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथल्याच लोकांनी तरंगवण्याची पद्धत विकसित केली: बारीक दळलेले खनिज पाण्यात विशिष्ट द्रव्ये घालून घुसळायचे, म्हणजे ताकावर लोणी यावे तसे धातूचे कण फेसाला चिकटून वर येतात आणि माती खाली राहते. आज जगात तांबे, जस्त आणि शिसे काढताना बहुतेक ठिकाणी हेच तत्त्व वापरले जाते. ३५ तासांचा आठवडा ब्रोकन हिलपुरता राहिला; ही पद्धत मात्र जगभर गेली.

दक्षिणवारा

भूगर्भवाला, पद्धतीचे महत्त्व मान्यच आहे. पण ती जगभर गेली म्हणजेच ती ब्रोकन हिलची उरली नाही. ती आता कुठल्याही खाणीत पाहता येते. संघटनांनी चालवलेले दैनिक आणि संघटनांच्याच मालकीचे ट्रेड्स हॉल, म्हणजे कामगार संघटनांची सभागृह-इमारत, एकाच शहरात नांदलेले मात्र क्वचितच कुठे आढळते. १९०८ पासून बॅरियर डेली ट्रूथ हे दैनिक कामगार संघटनांच्या मालकीचे होते, याचा अर्थ शहराची रोजची बातमी कोणाच्या नजरेतून लिहिली जाईल हेदेखील त्यांनी आपल्या हातात ठेवले होते.

शर्वरी

आणि त्या नजरेला काय दिसत नव्हते, तेही सांगायला हवे.

ज्या कौन्सिलचे कौतुक वर झाले, तिनेच लग्न झालेल्या बाईने नोकरी करू नये असा दंडक शहरभर लागू केला होता. विवाहितेची मिळकत म्हणजे एखाद्या अविवाहित मुलीच्या किंवा कुटुंबप्रमुखाच्या तोंडचा घास, असा त्यामागचा हिशेब होता. शिक्षिका, परिचारिका अशा काही व्यवसायांना त्यातून सूट असे. पण दुकानात किंवा कचेरीत काम करणाऱ्या मुलीचे लग्न झाले, की तिची नोकरी गेली असे समजावे. हा नियम उठला १९८१ मध्ये. सिडनीत आणि मेलबर्नमध्ये बायका कधीच्या कामावर जात होत्या, तेव्हाही इथे हा नियम होता, आणि तो सरकारने नव्हे तर कामगारांच्या सर्वोच्च संस्थेने राखला होता.

मी संघटनेच्या विरोधात नाही. फुप्फुसांच्या आजाराची भरपाई मिळवणे ही थोर गोष्ट होती, आणि ती मिळवण्यासाठी घरातल्या बायकांनी १८ महिने उधारीवर संसार ओढले. म्हणूनच हा नियम अधिक बोचतो. ट्रेड्स हॉलच्या सुंदर जिन्याचे छायाचित्र लावताना त्याखाली हेही लिहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

चौकस

शर्वरीताई, नियमाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी असे वाटते. एकाच उद्योगावर चालणाऱ्या गावात नोकऱ्या मोजक्या. त्या जास्तीत जास्त घरांत वाटल्या जाव्यात हा विचार मंदीच्या काळात अगदीच अन्याय्य नव्हता.

शर्वरी

चौकस, मंदी १९३० च्या दशकातली. नियम १९८१ पर्यंतचा. मधल्या काळात शिशाचे भाव चढले आणि बोनस फुगला, तेव्हा तो विचार कोणाला आठवला नाही.

जुनाखलाशी

शर्वरी यांनी वगळलेल्यांचा विषय काढलाच आहे, तर उंटवाल्यांबद्दल लिहितो, कारण या शहराशी आपला जो काही धागा जुळतो तो तिथे आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी बैल आणि घोडे पाण्यावाचून टिकत नसत, म्हणून उंट आणले गेले, आणि ते मुख्यतः कराचीहून. कराची तेव्हा सिंध प्रांतासह मुंबई इलाख्यात होती आणि १९३६ पर्यंत राहिली. १८६६ मध्ये टॉमस एल्डर या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या उद्योजकासाठी शंभराहून अधिक उंट कराचीहून तिथल्या पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरले आणि त्यांच्याबरोबर उंटवालेही आले. सगळ्यांना सरसकट अफगाण म्हटले जाई. प्रत्यक्षात त्यांत बलुची, पठाण, पंजाबी आणि सिंधी होते, आणि बरेचसे ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन होते. रेल्वे जिथे संपे तिथून पुढे लोकरीचे गठ्ठे, पिठाची पोती, तारेची भेंडोळी आणि खाणींचे सुटे भाग हेच लोक वाहून नेत.

ब्रोकन हिलच्या उत्तर भागात त्यांच्या छावणीच्या जागी एक छोटी मशीद आजही उभी आहे. ती पन्हळी पत्र्याची आहे, आणि आता संग्रहालय म्हणून जपली आहे. मला स्वतःला त्या शहरातली ती सर्वांत बोलकी वास्तू वाटते. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्यानंतर या माणसांना बायकामुले आणणे जवळजवळ अशक्य झाले, नागरिकत्व मिळेना, आणि १९२० च्या दशकात मोटारी आल्यावर कामही गेले. उंट मोकाट सुटले, तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ मध्ये उंट मारण्याचा कायदा केला. संघटनांनी या लोकांना आपले मानले नाही, उलट स्वस्त मजूर म्हणून त्यांच्या विरोधात मोहीम चालवली. धागाकर्त्यांच्या व्यवस्थेत ही मंडळी कुठे बसतात?

टिकोजी

उंटांचा विषय निघाला आणि १ जानेवारी १९१५ चा उल्लेख नाही?

जुनाखलाशी

तो मुद्दाम पहिल्या प्रतिसादात घेतला नाही, कारण मशिदीचा सगळा इतिहास त्या एका सकाळीत गुंडाळला जातो. पण विचारलेच आहे, तर सांगतो.

नववर्षाच्या दिवशी एका परोपकारी मंडळाची वनभोजनाची आगगाडी जवळच्या सिल्व्हर्टन गावाकडे निघाली होती. खनिज वाहण्याच्या उघड्या डब्यांत बाके टाकून सुमारे १२०० माणसे बसवली होती. शहराबाहेर रुळांजवळ आइस्क्रीमची हातगाडी उभी होती, तिच्यावर तुर्की झेंडा होता आणि दोघे जण बंदुका घेऊन दबा धरून होते: आइस्क्रीम विकणारा गुल मोहम्मद आणि खाटीककाम करणारा मुल्ला अब्दुल्ला. त्या हल्ल्यात चार जण मारले गेले आणि पुढच्या चकमकीत ते दोघेही मेले. गुल मोहम्मद तुर्की सैन्यात राहून आला होता आणि तुर्कस्तान तेव्हा युद्धात उतरले होते, हे खरे. पण मुल्ला अब्दुल्लाला काही दिवसांपूर्वीच परवाना नसलेल्या जागी मेंढ्या कापल्याबद्दल शिक्षा झाली होती, हेही तितकेच खरे. महायुद्ध आणि खाटीकखान्याचा नियम या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी कशा एकत्र आल्या, हा प्रश्न अभ्यासण्यासारखा आहे.

त्या रात्री जमावाने जर्मन क्लब जाळला. हल्लेखोर जर्मन नव्हते, तरीही. मग जमाव उंटवाल्यांच्या छावणीकडे वळला, तिथे मात्र पोलीस आणि सैनिकांनी त्याला अडवले. मशीद टिकली ती त्यामुळे.

निळू

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या शहरातल्या बागेत टायटॅनिक जहाजावरच्या वादकांचे स्मारक आहे, हे कोणी सांगितलेले दिसत नाही. १९१३ मध्ये स्थानिक बँडवाल्यांनी आपल्या व्यवसायबंधूंसाठी ते उभारले. धागाकर्त्यांना हवी असलेली संघटनवृत्ती यापेक्षा जास्त कुठे दिसेल?

दक्षिणवारा

निळू, हा माझ्याच बाजूचा पुरावा आहे, आभारी आहे.

जुनाखलाशी आणि शर्वरी यांच्या आक्षेपांवर माझे उत्तर असे, की एखादी व्यवस्था वारसा आहे असे म्हणणे म्हणजे तिला निर्दोष म्हणणे नव्हे. संघटना कोणाला आत घेत होती आणि कोणाला बाहेर ठेवत होती, हा तिच्या इतिहासाचाच भाग आहे. किंबहुना पत्र्याची मशीद आणि दगडी ट्रेड्स हॉल ही दोन्ही एकाच शहरात शेजारी दाखवली, तरच तो इतिहास पुरता कळतो.

मृण्मयी

पाण्याशिवाय हे सगळे कोरडे आहे, आणि हे शब्दशः खरे आहे.

पहिल्या काही वर्षांत सांडपाण्याची सोय नव्हती आणि पिण्याचे पाणी पुरत नव्हते; १८८८ मध्ये विषमज्वराने थैमान घातले. पुढे स्टीफन्स क्रीक आणि अम्बरम्बर्का ही धरणे झाली, पण पाऊसच नसेल तर धरण काय करणार? दुष्काळात आगगाडीने पाणी आणावे लागे. १९५२ मध्ये मेनिंडी येथून डार्लिंग नदीचे पाणी नळाने आले, तेव्हा कुठे शहर निर्धास्त झाले. पण वरच्या भागात कापसाच्या शेतीसाठी होणारा उपसा आणि दुष्काळ यांमुळे ती नदीही आटू लागली, म्हणून २०१९ पासून मरे नदीवरच्या वेंटवर्थहून २७० किलोमीटर लांबीच्या नळाने पाणी येते. त्याच उन्हाळ्यात मेनिंडीला लाखो मासे मेले.

या डार्लिंग नदीला तिथले मूळ रहिवासी बार्किंजी लोक बाका म्हणतात, आणि त्यांचे या प्रदेशावरचे पारंपरिक हक्क न्यायालयाने २०१५ च्या जून महिन्यात मान्य केले. म्हणजे ज्या वर्षी शहर राष्ट्रीय वारसा ठरले, त्याच वर्षी. धाग्यावर इतका वेळ चर्चा चालली असून १८८३ च्या आधी इथे कोण होते हे कोणी लिहिले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. ब्रोकन हिलची जमीन विल्याकाली लोकांची. शहराच्या ईशान्येला सुमारे १३० किलोमीटरांवर मुटाविंजी हे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे खडकांवर कोरलेली आणि रंगवलेली हजारो वर्षांची चित्रे आहेत. पर्यटकांच्या वर्दळीने त्यांची नासधूस होऊ लागली, तेव्हा १९८३ मध्ये मूळ रहिवाशांनी रस्ता अडवला. १९९८ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान त्यांच्या मालकीत परत देण्यात आले. न्यू साउथ वेल्समध्ये असे प्रथमच घडले. रस्ता अडवून हक्क मिळवणे ही काही फक्त खाणकामगारांची विद्या नव्हती.

चौकस

मृण्मयी यांचा प्रतिसाद वाचून मूळ मताचा पाया बराच हलला आहे, असे नम्रपणे नोंदवतो.

भूगर्भवाला

पाण्यावरून आठवले, झाडांचाही एक अध्याय आहे आणि तो आजच्या काळाला अधिक उपयोगी आहे. भट्ट्यांसाठी आणि खाणीतल्या टेकूंसाठी आसपासची सगळी झाडे तोडली गेली होती. उरलेले शेळ्या, मेंढ्या आणि सशांनी फस्त केले. वाऱ्याबरोबर वाळू शहरात येई आणि कुंपणे गाडली जात. ॲल्बर्ट मॉरिस हे खाणीच्या प्रयोगशाळेत काम करणारे गृहस्थ हौशी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांचे म्हणणे असे, की बाहेरून झाडे आणून लावण्याची गरज नाही. जमीन नुसती कुंपण घालून जनावरांपासून वाचवा, स्थानिक वनस्पती आपोआप परततील. १९३६ पासून झिंक कॉर्पोरेशन या खाण कंपनीच्या मदतीने शहराभोवती अशी राखीव कुरणे कुंपणबंद होत गेली आणि खरोखरच सॉल्टबुशची झुडपे आणि मल्गाची झाडे परत आली. मॉरिस १९३९ मध्ये वारले, पण शहराभोवतीचा तो हिरवट पट्टा आजही आहे.

धागाकर्त्यांनी विचारले होते की इमारत नसलेली गोष्ट कशी जपायची. हा पट्टा म्हणजे त्याचे एक उत्तर आहे: कुंपणाची डागडुजी करत राहायचे.

टिकोजी

सगळे जपण्याच्याच गोष्टी सांगत आहेत, म्हणून न जपण्याजोगी एक सांगतो. शिसे. खाणीची धूळ अंगणात, माळ्यावर आणि छपरावर बसलेली आहे. रांगत्या मुलाच्या हातातून ती तोंडात जाते. १९९० च्या दशकापासून तिथे लहान मुलांच्या रक्तातले शिसे नियमित तपासले जाते आणि प्रमाण खाली आले असले तरी प्रश्न संपलेला नाही. मूळ रहिवाशांच्या मुलांमध्ये हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. पन्हळी पत्र्याची जुनी घरे वारसा म्हणून जशीच्या तशी ठेवायची म्हटले, तर त्यांच्या माळ्यावरची शंभर वर्षांची धूळही तशीच ठेवायची का, याचे उत्तर वारसाप्रेमींनी द्यावे.

शर्वरी

टिकोजी, घर ठेवायचे आणि धूळ काढायची. यात विरोध कुठे आहे? ती घरे मुळात उचलून दुसरीकडे नेता यावीत म्हणूनच लाकडी सांगाड्यावर पत्रे ठोकून बांधली होती, कारण खाण किती वर्षे चालेल याची कोणालाच खात्री नव्हती. ती इतकी टिकतील असे बांधणाऱ्यांना वाटले नसावे.

टिकोजी

घरांपुरते ठीक. पण शहराच्या मधोमध टाकाऊ मातीचा जो प्रचंड डोंगर आहे, त्याचे काय?

जुनाखलाशी

त्याच डोंगरावर २००१ मध्ये खाणकामगारांचे स्मारक उभारले. खाणीत मृत्यू पावलेल्या ८०० हून अधिक माणसांची नावे वर्षवार कोरली आहेत आणि प्रत्येकापुढे मृत्यूचे कारण दिले आहे: दरड कोसळून, स्फोटात, विजेच्या धक्क्याने, खाणीच्या उभ्या विवरात पडून. मी ती यादी सावकाश वाचली आहे. सुरुवातीच्या दशकांत नावांची दाटी आहे आणि १९२० नंतर ती विरळ होत जाते. धागाकर्त्यांच्या मूळ मताला यापेक्षा भक्कम आधार मला दिसत नाही, म्हणून माझे उंटवाल्यांविषयीचे आक्षेप कायम ठेवून एवढ्यापुरता मी त्यांच्या बाजूने आहे.

भूगर्भवाला

इथे मला अडचण दिसते. त्या डोंगरात जुन्या पद्धतींनी न निघालेले जस्त आणि शिसे अजून आहे, आणि धातूंचे भाव चढले की असे ढीग पुन्हा उपसणे परवडू लागते. इथलेच पूर्वीचे ढीग तरंगवण्याच्या पद्धतीने पुन्हा उपसले गेले, तेव्हा कोणी वारशाचा प्रश्न काढला नव्हता. उपसला तर धुळीचा उगम कमी होईल आणि रोजगार मिळेल. पण शहराची ओळख असलेली ती काळी कड आणि तिच्यावरचे स्मारक यांचे काय होईल? बीएचपी १९३९ मध्ये इथून निघून गेली, तिला हा प्रश्न पडत नाही. तो राहणाऱ्यांनाच पडतो.

दक्षिणवारा

भूगर्भवाला, माझे उत्तर सरळ आहे: स्मारकाखालचा भाग आणि खाणीचे जुने मनोरे सोडून बाकीचा ढीग उपसायला माझी हरकत नाही, मात्र निर्णय शहरातल्या लोकांनी घ्यावा, आणि त्यात खाण कंपनी व संघटना यांच्याबरोबर विल्याकाली आणि बार्किंजी लोकांचाही आवाज असावा. १९२५ चे करार दोन पक्षांत झाले होते. आता पक्ष अधिक आहेत.

निळू

गंभीर चर्चेत व्यत्यय आणतो, क्षमस्व. जाणाऱ्यांसाठी उपयोगाची गोष्ट: हे शहर न्यू साउथ वेल्समध्ये असले तरी घड्याळ ॲडलेडचे पाळते, म्हणजे सिडनीच्या अर्धा तास मागे. सिडनीशी थेट रेल्वे १९२७ मध्ये जुळली; त्याआधी सगळे दळणवळण दक्षिण ऑस्ट्रेलियाशी होते. न्यू साउथ वेल्सने शेजारच्या राज्याच्या रेल्वेला हद्दीत येऊ दिले नाही, म्हणून शेवटचा टप्पा एका खासगी कंपनीने ट्रामवे या नावाखाली १८८८ मध्ये बांधला, आणि ती ट्राम १९७० पर्यंत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीच्या भट्ट्यांसाठी खनिज वाहत राहिली.

चौकस

म्हणजे घड्याळ हीदेखील वारसा यादीत घालण्याजोगी गोष्ट झाली. दक्षिणवारा, पत्र्याच्या मशिदीच्या संग्रहालयाच्या वेळा कोणाला माहीत असतील तर इथे द्याव्यात; आणि त्या ॲडलेडच्या घड्याळाप्रमाणे द्याव्यात.